फर्नेसचा फिल्टर: कुठे असतो, कोणता घ्यायचा, कसा आणि कधी बदलायचा

शिकागोजवळच्या उपनगरात घर घेतलं आणि पहिल्याच जानेवारीत फर्नेसने, म्हणजे सगळं घर तापवणाऱ्या यंत्राने, दगा दिला. सुरू व्हायचा, चार-पाच मिनिटं व्हेंटमधून ऊब यायची, मग आतली ज्योत विझायची आणि पंखा नुसता गार वारा ढकलत राहायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. थर्मोस्टॅटवर ७० लावलेलं, पण घरातला आकडा ६२ च्या पुढे सरकेना. बाहेर शून्य फॅरनहाइटच्या खाली, घरात दीड वर्षांची मुलगी. मेकॅनिक आला, बेसमेंटमध्ये उतरला, फर्नेसच्या बाजूची पत्र्याची अरुंद पट्टी काढली आणि आतून एक चौकट ओढली. मुळात पांढरा असलेला तो घड्यांचा कागद घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा आणि जाड झाला होता. त्याने गाडीतला नवा फिल्टर सरकवला, झाकण लावलं आणि अर्ध्या तासात घर तापायला लागलं.

घर बघताना, इन्स्पेक्शनच्या वेळी, किल्ल्या हातात घेताना या फिल्टरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पुण्या-ठाण्यात वाढलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारणही नाही. तिथे थंडी म्हणजे खिडक्या लावून घ्यायच्या आणि गोधडी काढायची. इथे अमेरिकेत आणि कॅनडात मात्र सगळ्या घराची ऊब एका यंत्रातून फिरते आणि त्या यंत्राचा श्वास एका कागदी चौकटीतून चालतो. तेव्हापासून मंडळातल्या बऱ्याच जणांच्या बेसमेंटमध्ये जाऊन हे काम दाखवलं आहे. सगळ्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो. त्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण दुकानातल्या खोक्यांवर ती कुठेच लिहिलेली नसते: फिल्टर किती भारी आहे याच्याआधी तो खाचेत नीट बसतो का, हे बघायचं.

आधी, तुमच्याकडे असा फिल्टर आहे का

जमिनीवरच्या, भिंतीतल्या किंवा छतातल्या जाळ्यांमधून गरम हवा येत असेल तर आहे. गॅसचा फर्नेस असो, विजेचा असो किंवा हीट पंप असो, डक्टमधून, म्हणजे हवेच्या बंद मार्गांतून, हवा फिरवणाऱ्या प्रत्येक यंत्राला फिल्टर लागतो. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतील, किंवा भिंतीच्या पायथ्याशी गरम पाण्याची वा विजेची पट्टी असेल, तर मात्र हा लेख तुमच्या कामाचा नाही. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या जुन्या इमारतींत अशी पद्धत सर्रास दिसते. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांतही बॉयलर आणि रेडिएटर असतात. तिथे हवा फिरवलीच जात नाही, मग गाळायची कुठून?

हवेचा फेरा समजून घेतला की बाकी सोपं आहे

फर्नेस बाहेरची हवा तापवून आत सोडतो असा पुष्कळांचा समज असतो. बहुतेक घरांत तसं होत नाही. घरातलीच हवा रिटर्नच्या, म्हणजे परतीच्या, मोठ्या जाळीतून आत ओढली जाते, डक्टमधून खाली येते, फिल्टरमधून गाळली जाते, ब्लोअर म्हणजे आतला पंखा तिला पुढे ढकलतो, ती हीट एक्स्चेंजरच्या तापलेल्या धातूवरून जाते आणि सप्लायच्या, म्हणजे गरम हवा नेणाऱ्या, डक्टमधून खोल्यांत परतते. फिल्टर नेहमी ब्लोअरच्या आधी, परतीच्या गार हवेच्या वाटेवर असतो. एवढं डोक्यात बसलं की फिल्टर शोधणंही जमतं आणि त्यावर छापलेला हवेच्या दिशेचा बाण कुठे वळवायचा हेही चुकत नाही.

फिल्टर तुंबला की हीट एक्स्चेंजरवरून पुरेशी हवा जात नाही. ज्योत पेटलेली, पण उष्णता वाहून न्यायला हवा नाही. धातू प्रमाणाबाहेर तापतो. तापमान ठरावीक मर्यादेला पोचलं की लिमिट स्विच गॅस तोडतो आणि आतली उष्णता काढायला पंखा चालू ठेवतो. आमच्याकडे तेच चाललं होतं. यंत्र बिघडलं नव्हतं, स्वतःला वाचवत होतं. पण हे आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तर धातू सतत फुगून-आकसून हीट एक्स्चेंजरला तडा जाऊ शकतो, आणि तड्यातून जळालेल्या गॅसचा धूर घरातल्या हवेत मिसळण्याचा धोका असतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणून फिल्टरबद्दल काहीही वाचण्याआधी प्रत्येक मजल्यावर, विशेषतः झोपायच्या खोल्यांजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि तो चालतो का, हे बघून या. मी थांबतो.

फिल्टर दडलाय कुठे

फर्नेसमधून दोन मोठे चौकोनी पत्र्याचे डक्ट निघालेले दिसतील. फर्नेस चालू असताना दोन्हींना बाहेरून हात लावा. गरम लागेल तो सप्लाय, गार लागेल तो रिटर्न. रिटर्नच्या डक्टवर हात फिरवत फर्नेसपर्यंत या. तो फर्नेसला जिथे मिळतो तिथेच, म्हणजे इलिनॉय, मिशिगन, न्यू जर्सी, ओंटारियो इथल्या बेसमेंटवाल्या घरांत तरी, एक उभी किंवा आडवी फट असते. तिच्यावर पत्र्याचं झाकण असतं, कधी तेही हरवलेलं असतं. फिल्टर त्या फटीत.

तिथे फट नसेल तर फर्नेसचा खालचा दरवाजा बघा. जुन्या यंत्रांत फिल्टर ब्लोअरच्या कप्प्यातच उभा किंवा आडवा बसवलेला असतो, कधी तारेच्या कडीने अडकवलेला. हा दरवाजा सहसा बिजागरीचा नसतो. थोडा वर उचलून खालची कड बाहेर ओढायची की सुटतो. तो काढताच आतला सुरक्षा स्विच यंत्र बंद करतो. हे आत्ताच लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना, जॉर्जिया या भागांत बेसमेंट क्वचितच असतं. फर्नेस किंवा एअर हँडलर (ब्लोअर असलेली पेटी) अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) नाहीतर कपाटासारख्या खोलीत असतो आणि फिल्टर बऱ्याचदा यंत्रापाशी नसून पॅसेजच्या छतातल्या किंवा भिंतीतल्या मोठ्या रिटर्न जाळीच्या मागे असतो. कोणती जाळी रिटर्नची, हे ओळखायला पंखा चालू करून टिश्यू पेपर जाळीजवळ धरा. चिकटला तर रिटर्न, उडाला तर सप्लाय. फिल्टर अ‍ॅटिकमधल्या यंत्रातच असेल तर वर फक्त लाकडी तुळयांवर किंवा फळ्यांवर पाय ठेवा. मधल्या ड्रायवॉलवर, म्हणजे छताच्या पातळ जिप्समच्या पाटीवर, माणसाचं वजन पेलत नाही.

मोठ्या घरात दोन यंत्रं असू शकतात, एक खालच्या मजल्यासाठी, एक वरच्या. मग फिल्टरही दोन. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या एका मित्राने तीन वर्षं फक्त बेसमेंटमधला बदलला. अ‍ॅटिकमध्ये दुसरा आहे हे त्याला उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचा एसी गोठला तेव्हा कळलं. याउलट कधी एकाच हवेच्या वाटेवर दोन फिल्टर सापडतात, एक जाळीमागे आणि एक यंत्रापाशी, आधीच्या मालकाने अधिक शुद्ध हवेसाठी लावलेले. तसं ठेवू नका. एकामागे एक दोन गाळण्या लावल्या की हवेचा प्रवाह मंदावतो. एक ठेवा, एक काढा.

डक्टला चिकटून एखादी छोटी पेटी असेल, तिला पाण्याची बारीक नळी आणि खाली निचऱ्याची नळी असेल, तर तो ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र. त्याच्या आतही एक खरखरीत जाळी असते, ती साधारण वर्षातून एकदा बदलतात. पण ती वेगळी वस्तू आहे. ती बदलली म्हणजे फिल्टर बदलला, असं समजू नका.

माप: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

जुन्या फिल्टरच्या कडेवर माप छापलेलं असतं: १६ × २५ × १, २० × २० × १, २० × २५ × ४ असं, सगळं इंचांत. लांबी, रुंदी, जाडी. पण हे नावाचं माप असतं. प्रत्यक्षात फिल्टर खाचेत सरकावा म्हणून थोडा लहान बनवतात. १६ × २५ × १ असं लिहिलेला फिल्टर टेपने मोजला तर साधारण १५¾ × २४¾ × ¾ भरतो. म्हणून टेपवर १५¾ आलं की १५ चा फिल्टर शोधत बसायचं नाही. वरच्या पूर्ण आकड्याचं नावाचं माप घ्यायचं.

जुना फिल्टर बरोबर मापाचाच असेल यावर विसंबू नका. आधीच्या मालकाने दुकानात मिळाला तो कसाबसा कोंबलेला असू शकतो. मी स्वतः दोन घरांत २० × २५ च्या खाचेत १६ × २५ चा फिल्टर बघितला आहे, कडेला चार इंचाची मोकळी जागा. हवा नेहमी सोपी वाट धरते. बाजूने फट मिळाली की ती फिल्टरमधून जाण्याचे कष्ट घेत नाही, आणि सोबतची सगळी धूळ थेट ब्लोअरवर आणि एसीच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, जाऊन बसते. म्हणून फिल्टर बाहेर काढल्यावर खाचेची लांबी, उंची आणि जाडी टेपने मोजा आणि तो आकडा मार्करने फर्नेसच्या पत्र्यावरच लिहून टाका. पुढच्या वेळी दुकानात उभं राहून आठवत बसावं लागणार नाही.

फिल्टर बरोबर मापाचा आहे की नाही, याचा पुरावा जुन्या फिल्टरच्या चौकटीवरच असतो. धूळ फक्त घड्यांवर असेल आणि पुठ्ठ्याची बाहेरची कड स्वच्छ असेल तर हवा मधूनच गेली. कडेवर करड्या रेघा असतील, किंवा खाचेच्या पुढच्या बाजूला धुळीची पट्टी दिसत असेल, तर हवा बाजूने निसटते आहे. फिल्टर बरोबर मापाचा असूनही ढिला बसत असेल तर खाचेच्या कडेला दाराला लावतात तशी स्पंजची पट्टी चिकटवा. बाहेरच्या फटीवर झाकण नसेल तर चुंबकाची पट्टी मिळते. ती लावायला-काढायला सोपी आणि पत्र्याला घट्ट बसते. बाकीच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची फॉइल टेप लावा. कापडी डक्ट टेप उष्णतेने काही काळात सुटते.

चार-पाच इंच जाडीच्या फिल्टरबद्दल एक सावधगिरी. एक इंची फिल्टर कोणत्याही कंपनीचा चालतो, जाड फिल्टरचं तसं नाही. खोक्यावर १६ × २५ × ५ असं सारखंच लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांची खरी मापं अर्धा-पाऊण इंचाने वेगळी असू शकतात. असा फिल्टर बसतो त्या पेटीच्या दारावर मॉडेल क्रमांक असतो, त्याचा फोटो काढा आणि त्याच क्रमांकाला चालणारा फिल्टर मागवा.

मर्व्ह ८, ११ की १३

दुकानात फिल्टर मांडलेल्या भिंतीसमोर उभं राहिलं की गोंधळ होतो, त्यामुळे यावर जरा थांबतो. मर्व्ह हा आकडा ॲश्रे या अमेरिकेतल्या हीटिंग आणि वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या ५२.२ क्रमांकाच्या मानकातून येतो आणि तो १ ते १६ असा चढत जातो. आकडा जितका मोठा तितके बारीक कण अडकतात. निळसर काचतंतूंचा, आरपार दिसणारा स्वस्त फिल्टर १ ते ४ मध्ये मोडतो; तो ब्लोअरचं मोठ्या कचऱ्यापासून रक्षण करतो, एवढंच. मर्व्ह ८ ने ३ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ७० टक्के कण अडवायला हवेत, म्हणजे साधी धूळ, बुरशीचे बीजाणू. मर्व्ह ११ ने १ ते ३ मायक्रॉनचे किमान ६५ टक्के. मर्व्ह १३ ने त्याच कणांचे ८५ टक्के आणि शिवाय ०.३ ते १ मायक्रॉनच्या अतिबारीक कणांचे किमान ५० टक्के. धूर, मग तो वणव्याचा असो, फोडणीचा असो की उदबत्तीचा, बहुतांशी या शेवटच्या गटात येतो.

होम डेपो या दुकानात मर्व्हऐवजी त्यांचा स्वतःचा एफपीआर आकडा असतो आणि थ्रीएमच्या फिल्ट्रीट फिल्टरवर एमपीआर. ढोबळमानाने एफपीआर ५ म्हणजे मर्व्ह ८, एफपीआर ७ किंवा एमपीआर १००० म्हणजे मर्व्ह ११, आणि एफपीआर १० किंवा एमपीआर १९०० म्हणजे मर्व्ह १३. बऱ्याच पाकिटांवर कोपऱ्यात मर्व्हही छापलेला असतो, तो शोधा.

मग सरळ १३ का घेऊ नये? कारण कण जितके बारीक अडवायचे तितका कागद दाट आणि हवेला विरोध जास्त. घरगुती फर्नेस सहसा अर्धा इंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या एकूण दाबासाठी बनवलेले असतात, आणि तो दाब डक्ट, एसीची कॉइल आणि फिल्टर या सगळ्यांत वाटला जातो. अरुंद डक्ट असलेल्या जुन्या घरात एक इंची मर्व्ह १३ लावला की नवाकोरा असतानाच तो अर्धवट तुंबलेल्यासारखा वागू शकतो. चार इंची फिल्टरचं गणित वेगळं आहे. त्याच्या घड्या खोल असतात, त्यामुळे कागदाचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त; तोच मर्व्ह १३ तिथे हवेला सहज वाट देतो.

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए मर्व्ह १३ किंवा यंत्राच्या पंख्याला झेपेल तेवढा वरचा फिल्टर लावा म्हणते. त्यातलं ‘झेपेल तेवढा’ महत्त्वाचं. माझं मत असं: एक इंची खाच असेल आणि घरात कुणाला दमा नसेल तर मर्व्ह ८ किंवा ११ घ्या आणि वेळेवर बदला. दमा किंवा ॲलर्जी असेल तर सर्व्हिसला येणाऱ्या तंत्रज्ञाला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे डक्टमधल्या हवेचा दाब, मोजायला सांगा. पंधरा मिनिटांचं काम असतं. आकडा मर्यादेत असेल तर १३ लावा, नसेल तर चार इंची पेटी बसवून घेण्याचा खर्च वाया जात नाही. पाकिटावर हेपाच्या तोडीचा असं लिहिलेल्या फिल्टरला भुलू नका. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो आणि त्यातून हवा ढकलण्याची ताकद घरगुती फर्नेसच्या पंख्यात नसते. तेवढी शुद्ध हवा हवी असेल तर झोपायच्या खोलीत वेगळा एअर प्युरिफायर ठेवा.

जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर खाली उतरला आणि ७ जूनला न्यूयॉर्कचं आकाश केशरी झालं, तेव्हा दुकानांतून मर्व्ह १३ शोधत फिरलेले पुष्कळ जण आठवतात. तेव्हापासून मी मर्व्ह १३ चा एक फिल्टर पाकीट न फोडता बाजूला ठेवतो. धुराच्या दिवसांत तो लावायचा, थर्मोस्टॅटवरचा पंखा ऑटोवरून ऑनवर करायचा म्हणजे हवा सतत गाळली जाते, आणि धूर ओसरला की नेहमीचा परत लावायचा.

प्रत्यक्ष बदलताना

थर्मोस्टॅट ऑफ करा. मग फर्नेसजवळच्या भिंतीवर किंवा यंत्राच्या अंगावर दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो, बऱ्याचदा लाल पट्टीचा, तोही बंद करा. ब्लोअर लगेच थांबत नाही, मिनिट-दोन मिनिटं फिरतो. तो थांबेपर्यंत वाट बघा. चालू पंख्यासमोरून फिल्टर काढला तर सुटलेली धूळ सरळ आत ओढली जाते, आणि पातळ फिल्टर वाकून ब्लोअरच्या दिशेने खेचला गेल्याचंही मी बघितलं आहे.

खाली जुना पेपर अंथरा, तोंडाला मास्क लावा, हाताशी टॉर्च आणि कचऱ्याची मोठी पिशवी ठेवा. जुना फिल्टर काढण्याआधी त्याचा फोटो घ्या, बाण दिसेल असा. मग दोन्ही हातांनी, न तिरका करता, हळू ओढा. धुळीची बाजू वर राहू द्या आणि आहे तसा पिशवीत घालून तोंड बांधा. हा कचऱ्यात जातो, रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात नाही. आपटून झटकू नका. इतक्या दिवसांत पकडलेलं सगळं पुन्हा बेसमेंटभर होईल.

खाच रिकामी असताना टॉर्च मारून आत बघा. तळाशी पानांचा चुरा, मुलांची खेळणी, बटणं सापडतात, कारण रिटर्नच्या जाळीतून काहीही आत पडतं. व्हॅक्यूमच्या नळीने हाताला येईल तेवढं ओढून घ्या. त्यापलीकडे हात घालू नका. ब्लोअरच्या पात्यांवर धुळीचा थर दिसला तर ते काम सर्व्हिसवाल्याचं.

नव्या फिल्टरच्या कडेवर आजची तारीख लिहा. बाण फर्नेसकडे, म्हणजे ब्लोअरच्या दिशेने असायला हवा. फोटोत बाण उलटा दिसला तर फोटोवर नाही, हवेच्या वाटेवर विश्वास ठेवा. आधीच्या माणसाने उलटा लावलेला असू शकतो. फिल्टरला एका बाजूने तारेची जाळी असेल तर ती फर्नेसकडे येते. घड्यांना मागून आधार देणं हे तिचं काम, नाहीतर हवेच्या दाबाने कागद पोटासारखा फुगतो. फिल्टर सरकन आत जायला हवा. जोर लावावा लागला, चौकट वाकली, तर माप चुकलं आहे. कात्रीने कापून बसवू नका. झाकण लावा, भिंतीवरचा स्विच, मग थर्मोस्टॅट. फर्नेस सुरू होईपर्यंत तिथेच उभे राहा आणि ऐका. शिट्टीसारखा आवाज आला तर कुठेतरी फट आहे किंवा फिल्टर फारच दाट आहे.

छतातल्या जाळीचा प्रकार वेगळा. शिडी पक्की ठेवा, डोळ्यांवर चष्मा घाला, कारण जाळी उघडताच धूळ डोळ्यांत येते. कडेच्या दोन खिट्ट्या फिरवल्या की जाळी बिजागरीवर खाली लटकते. बाण वर, खोलीपासून दूर, डक्टकडे. जाळी उतरवता येत असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावा.

धुऊन परत लावता येत नाही का

गेल्या उन्हाळ्यात सासरे साताऱ्याहून आले होते. मी फिल्टर पिशवीत घालताना बघून म्हणाले, "अहो जावईबापू, टाकताय कशाला? आपल्याकडे एसीची जाळी नळाखाली धरली की झाली." त्यांचा प्रश्न रास्त होता. भारतातल्या स्प्लिट एसीला प्लास्टिकची जाळी असते, ती धुण्यासाठीच केलेली आहे. इथल्या घडीदार फिल्टरचा कागद कृत्रिम तंतूंचा असतो आणि बऱ्याच फिल्टरमध्ये त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण त्यामुळेच ओढले जातात. पाणी लागलं की तो भार जातो, पुठ्ठ्याची चौकट मऊ पडते आणि ओल राहिली तर बुरशी धरते. वरून व्हॅक्यूम फिरवला तरी खोल रुतलेले कण निघत नाहीत. धुता येणारे फिल्टर वेगळे मिळतात, पण त्यांचा मर्व्ह सहसा कमी असतो आणि प्रत्येक वेळी पूर्ण वाळेपर्यंत फर्नेस बंद ठेवावा लागतो. उणे वीस सेल्सिअसला ते परवडत नाही.

कधी बदलायचा

खोक्यावर तीन महिने लिहिलेलं असतं. एक इंची फिल्टर एक ते तीन महिने आणि चार-पाच इंची सहा महिने ते वर्षभर टिकतो, हे ढोबळ गणित ठीक आहे, पण फिल्टर महिन्यांनी नाही, त्यातून गेलेल्या हवेने तुंबतो. जानेवारीत यंत्र दिवसभर चालतं, एप्रिलमध्ये जेमतेम तासभर. म्हणून मी दर महिन्याला फक्त बघतो. आमच्याकडे त्यासाठी संकष्टी ठरली आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय असतंच. चंद्रोदयाची वाट बघायची असते, तेवढ्यात बेसमेंटची एक फेरी होते.

बघायचं म्हणजे फिल्टर काढून दिव्यासमोर धरायचा आणि शेजारी कोरा फिल्टर धरून तुलना करायची. नुसता करडा रंग आला म्हणून टाकू नका. थोडी धूळ बसलेला फिल्टर चांगलाच काम करतो. उजेड घड्यांमधून दिसेनासा झाला, किंवा धुळीचा मऊ थर उचलून निघेल एवढा झाला, की बदला.

आपल्या घरांत फिल्टर लवकर भरायला एक खास कारण आहे, ते म्हणजे स्वयंपाक. इथल्या बऱ्याच घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह आणि त्याखाली पंखा असतो, आणि तो पंखा हवा बाहेर न टाकता पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. फोडणीचे तेलकट कण मग रिटर्नमधून फिल्टरवर बसतात आणि त्यावर धूळ चिकटते. असा फिल्टर बोटाला किंचित चिकट लागतो. गणपतीचे दिवस उदबत्ती-धुपाचे, दिवाळीत चार दिवस चकल्या-अनारशांचं तळण आणि घर भरून माणसं; आणि नेमका त्याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हीटिंग सुरू होतं. म्हणून भाऊबीज झाली की पहिल्याच शनिवारी नवा फिल्टर, हा आमचा नेम. नव्याने बांधलेल्या घरात राहायला गेला असाल तर पहिल्याच आठवड्यात बघा. ड्रायवॉल घासताना उडालेली पांढरी भुकटी डक्टमध्ये बसलेली असते, आणि पहिले काही महिने ती येतच राहते.

उन्हाळ्यात विसरू नका, एसीची हवाही याच फिल्टरमधून जाते. तुंबलेल्या फिल्टरमुळे कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की कॉइल गोठते आणि बाहेर रणरणतं ऊन असताना आत बर्फाचा गोळा तयार होतो. तसं झालं तर एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, बर्फ पूर्ण वितळू द्या आणि मग नवा फिल्टर लावा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते घाण फिल्टर बदलल्याने एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांनी वाचू शकते.

बदलल्यावर फर्नेस सुरूच झाला नाही तर

घाबरू नका. बहुतेक वेळा ब्लोअरच्या कप्प्याचा दरवाजा नीट बसलेला नसतो आणि आतला सुरक्षा स्विच दाबला गेलेला नसतो. दरवाजा काढून, वरची कड आधी खाचेत घालून, पुन्हा घट्ट बसवा. मग भिंतीवरचा स्विच, थर्मोस्टॅट हीटवर आहे का, आणि पॅनलमधला ब्रेकर, या क्रमाने बघा.

फर्नेस सुरू होतो पण नव्या फिल्टरनेही थोड्या मिनिटांत बंद पडतो, असं असेल तर घरातून एक फेरी मारा. रिकाम्या खोल्यांचे व्हेंट पैसे वाचवायला बंद केलेले असतात, रिटर्नच्या जाळीसमोर सोफा किंवा कपाट आलेलं असतं. ते मोकळं करा. तरीही थांबत नसेल तर फर्नेसच्या दरवाजावरच्या छोट्या काचेतून आत बघा, सर्किट बोर्डावर दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा; दरवाजाच्या आतल्या बाजूला त्या संख्येचा अर्थ छापलेला असतो. तंत्रज्ञाला फोन करताना ती संख्या, फिल्टरचं माप, मर्व्ह आणि बदलल्याची तारीख सांगा. त्याचा वेळ आणि तुमचे पैसे, दोन्ही वाचतात.

मात्र कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, किंवा गॅसचा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर यातलं काहीही करत बसू नका. कोणतंही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा, बाहेर गेल्यावर ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा, आणि आत जायला हरकत नाही असं ते सांगेपर्यंत बाहेरच थांबा.